अप्पांचा कॉम्प्युटर, तुझा लॅपटॉप आणि मधला प्रिंटर

हे बघ, सगळ्यात आधी तो प्रिंटर सारखा बंद-चालू करणं थांबव. त्या बिचाऱ्याचा काही दोष असेल असं मला वाटत नाही. चार माणसांच्या घरात चार तऱ्हेची यंत्रं आहेत: अप्पांचा विंडोज १० चा जुना डेस्कटॉप, तुझा विंडोज ११ चा लॅपटॉप, तुझ्या नवऱ्याचं मॅकबुक आणि धाकट्या दिराचा उबुंटू टाकलेला लॅपटॉप. त्यात ‘घरात शिकलेली सून आलीय, आता ती बघेल’ ही सगळ्यांची समजूत. तू कॉमर्सची. तुला हे यायलाच हवं असं कुणी सांगितलं? पण शिकून घे, कारण एकदा नीट लावलं की वर्षभर कुणी हाक मारणार नाही, आणि नाही लावलं तर दर महिन्याला लाइट बिलाची प्रिंट काढायला तुलाच पेनड्राइव्ह घेऊन पळावं लागेल.

यूट्यूबवरचे ते व्हिडिओ बघणंही आता पुरे. त्यातला निम्मा सल्ला ‘फायरवॉल बंद करा, पासवर्ड प्रोटेक्शन काढा, एसएमबी १ (म्हणजे फाइल शेअरिंगची जुनाट पद्धत) चालू करा’ असाच असतो. चालतं गं त्याने कधी कधी, नाही असं नाही. कड्याकुलपं काढून ठेवल्यावर दार उघडणारच. पण कशाने उघडलं ते कळत नाही, आणि नंतर पुन्हा लावून घ्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

तू फक्त एवढं बघायला शिक, की गाडं नेमकं कुठे अडलंय. ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ असं येतंय, म्हणजे तो शेवटी ८००७००३५ असलेला एरर, तर तुझा लॅपटॉप समोरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलाच नाही. नाव आणि पासवर्ड विचारतोय, तर पोचलाय, ओळख पटत नाहीये. पासवर्ड घेतला आणि मग ‘तुम्हाला परवानगी नाही’ म्हणाला, तर ओळखही पटली, अडलंय ते फोल्डरच्या परवानगीवर. तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. परवा तू पासवर्डची खिडकी आली म्हणून वैतागलीस आणि जाऊन राउटर रीस्टार्ट केलास. अगं, ती खिडकी आली म्हणजे राउटरने त्याचं काम चोख केलं होतं!

आता एक कागद घे आणि प्रत्येक यंत्राचा पत्ता त्यावर लिही. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलंस की ‘आयपीव्ही४’ असं लिहिलेली ओळ दिसेल. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये वायफायच्या डिटेल्समध्ये, उबुंटूवर वायफायच्या नावाशेजारच्या चाकात. १९२.१६८.१.७ अशा धाटणीचे चार आकडे असतात. घरच्या नेटवर्कवर पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे असायला हवेत, चौथा प्रत्येकाचा वेगळा. एखाद्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर त्या यंत्राला राउटरने पत्ताच दिलेला नाही. आधी त्याचं वायफाय बघ, शेअरिंगचं नंतर.

आणि मला खात्री आहे, तुमच्या घरी तिसरा आकडा जुळणार नाही. कारण तूच म्हणालीस, इंटरनेटवाल्यांनी हॉलमध्ये एक राउटर बसवला, बेडरूममध्ये रेंज येईना म्हणून तुझ्या नवऱ्याने दुकानातून दुसरा आणून केबलने जोडला. आपल्याकडे घरोघरी हेच झालेलं असतं. तो दुसरा राउटर आपलं वेगळंच नेटवर्क मांडून बसतो. हॉलमधल्यांना १९२.१६८.१ चे पत्ते, बेडरूममधल्यांना १९२.१६८.० चे. इंटरनेट दोन्हीकडे मस्त चालतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. गंमत म्हणजे ही अडचण एकाच बाजूने दिसते. आतल्या राउटरवरून बाहेरच्याकडे जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. त्यामुळे बेडरूममधून तू अप्पांच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाइप केलास तर तो कदाचित उघडेल, पण हॉलमधून अप्पांना तुझा लॅपटॉप कधीच सापडणार नाही. अप्पा म्हणणार, हिचाच लॅपटॉप बिघडलाय. तू म्हणणार, माझ्याकडून तर सगळं दिसतंय. दोघंही खरं बोलताय, म्हणून तर भांडण मिटत नाही.

यावर उपाय एकच: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकायचं. मग तो पत्ते वाटायचं सोडून नुसती रेंज वाढवतो. तसा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरशी टक्कर होणार नाही असा द्यायचा आणि हॉलमधून आलेली केबल ‘वॅन’ लिहिलेल्या भोकातून काढून ‘लॅन’च्या भोकात घालायची. हे काम नवऱ्यालाच सांग, त्यानेच आणलाय तो. आणि कुणी ‘गेस्ट’ वायफायवर बसलंय का तेही बघ. पाहुण्यांच्या वायफायवरून घरातलं काही दिसू नये अशीच त्याची रचना असते. तुझ्या दिराचा लॅपटॉप तिथे असला तर मला नवल वाटणार नाही. पासवर्ड सोपा असतो ना त्याचा.

एवढं झालं की विंडोजच्या दोन्ही कॉम्प्युटरवर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘पब्लिक नेटवर्क’च्या जागी ‘प्रायव्हेट’ कर. नवीन वायफाय जोडलं की विंडोज त्याला स्टेशनवरच्या फुकट वायफायसारखं परकं धरतं आणि स्वतःला लपवून ठेवतं. घरच्या नेटवर्कवर प्रायव्हेट ठीक. कॅफेत किंवा ट्रेनिंगच्या हॉटेलात मात्र पब्लिकच राहू दे.

एक सवय मात्र मोड. ‘नेटवर्क’वर क्लिक करून तिथे कॉम्प्युटर दिसायची वाट बघत बसू नकोस. ती यादी बेभरवशाची आहे. विंडोज ७ बरोबर आलेलं होमग्रुप मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये काढून टाकलं, आणि शेजारचे कॉम्प्युटर शोधायची जुनी पद्धत एसएमबी १ वर उभी होती, तीही गेली. दिराचा उबुंटू तर त्या यादीत बहुधा दिसणारच नाही, कारण विंडोज ज्या भाषेत हाका मारतं ती उबुंटूवरच्या ‘सांबा’ या शेअरिंगच्या प्रोग्रॅमला येत नाही. त्यासाठी ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम टाकावा लागतो. तू सरळ एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन कागदावरचा पत्ता टाइप कर. मॅकवर फाइंडरमध्ये ‘कमांड’ आणि ‘के’ दाबायचं आणि ‘एसएमबी’, कोलन, दोन सरळ स्लॅश आणि पत्ता. उघडलं तर यादीत दिसो न दिसो, आपल्याला काय करायचंय? सगळ्यांचं वर्कग्रुपचं नाव एक हवं म्हणून सांगतील, त्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

आता ओळखीचं. इथे घराघरात सगळ्यात जास्त डोकेफोड होते, आणि तुझ्या बाबतीत तर जरा नाजूक प्रकरण आहे.

तू लॅपटॉप उघडताना चार आकडी पिन टाकतेस. तो पिन फक्त त्या लॅपटॉपपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. कुणाला तुझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये यायचं असेल तर तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि खरा पासवर्ड द्यावा लागेल. तोच पासवर्ड ज्याने तुझे मेलही उघडतात. तो तू घरात वाटणार आहेस का? मुळीच वाटू नकोस. नवऱ्यालाही नको. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, पण फाइल बघायला मेलची किल्ली कशाला द्यायची?

आणि अप्पांच्या कॉम्प्युटरला तर पासवर्डच नाही. बटण दाबलं की थेट डेस्कटॉप. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, समोर बसूनच वापरू देतं. म्हणजे आता तू जाऊन सांगणार, ‘अप्पा, पासवर्ड लावावा लागेल.’ आणि ते म्हणणार, ‘माझ्या घरात माझ्याच कॉम्प्युटरला कुलूप?’ या वयात रोज पासवर्ड आठवायचा म्हणजे त्यांना त्रासच. तो वाद घालूच नकोस.

त्यापेक्षा असं कर. अप्पांच्या कॉम्प्युटरवर ‘घर’ नावाचं आणखी एक साधं खातं उघड. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे दुसरी व्यक्ती जोडायची, ‘माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही’ म्हणायचं आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’. नाव इंग्रजी अक्षरांत टाक. त्याला चांगला लांब पासवर्ड दे. तो तुम्ही सगळे वापरा. अप्पांचं स्वतःचं खातं आहे तसंच राहील, त्यांना काही आठवायला नको. तुझ्या लॅपटॉपवरही काही शेअर करायचं असेल तर असंच एक खातं उघड, म्हणजे तुझा ईमेल आणि पिन दोन्ही या भानगडीतून बाहेर. पासवर्ड विचारला की आधी त्या कॉम्प्युटरचं नाव, मग उलटा स्लॅश, मग खात्याचं नाव, असं लिहायचं. नाहीतर तुझा लॅपटॉप हट्टाने तुझंच नाव पुढे करत राहतो.

तरी आत घेत नसेल तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जा. मागे कधीतरी ‘पासवर्ड लक्षात ठेव’वर टिक करून ठेवलेलं असतं, आणि तोच चुकीचा पासवर्ड तो मुकाट्याने पुन्हा पुन्हा देत बसतो. ती नोंद पुसून टाक. आणि १२१९ नंबरचा एरर आला, तर तू त्याच कॉम्प्युटरवर आधीच दुसऱ्या नावाने आत गेलेली आहेस. एका वेळी दोन नावं चालत नाहीत. रीस्टार्ट केलंस की बहुतेक वेळा सुटतं.

तुझ्या लॅपटॉपवर तो विचित्र संदेश आला होता ना, ‘तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सुरक्षा धोरणामुळे’ वगैरे? घरात कुठली आलीय ऑर्गनायझेशन! तो संदेश मुळात ऑफिसांसाठी लिहिलेला आहे. तुझं विंडोज ११ प्रो आहे, आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोमध्ये बिनपासवर्डाच्या ‘गेस्ट’ शेअरिंगला मनाई आहे. समोरचं यंत्र पासवर्ड न मागता पाहुणा म्हणून आत घ्यायला तयार असतं, तुझा लॅपटॉपच जायला नकार देतो. तो नकार बंद करायची युक्ती कुणीतरी सांगेल. ऐकू नकोस. ज्या यंत्रावर फोल्डर आहे तिथे नाव-पासवर्ड असलेलं खातं बनव, संदेश आपोआप जाईल.

एसएमबी १ बद्दल एवढा धाक का घालते ते सांगते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांचं काम ठप्प झालं, तो याच जुन्या एसएमबीमधल्या खिंडारातून शिरला होता. त्या खिंडाराची डागडुजी मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलेली होती. लोकांनी अपडेट केलं नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० मध्ये एसएमबी १ मुळातच टाकेनासे झाले. आज ते कुणाला लागतं? विंडोज एक्सपीला, किंवा जुनाट नेटवर्क हार्डडिस्कला आणि ‘स्कॅन टू फोल्डर’वाल्या जुन्या मशिनांना. तुमच्याकडे यातलं काही नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे अप्पांच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं.

बरं, परवानगी. विंडोजमध्ये फोल्डरला दोन ठिकाणी परवानगी असते, ‘शेअरिंग’च्या पानावर एक आणि ‘सिक्युरिटी’च्या पानावर दुसरी. सोसायटीच्या वॉचमनने गेट उघडलं तरी फ्लॅटचं दार बंद असेल तर घरात जाता येत नाही ना, तसं. दोन्हींत जी कडक असेल तीच चालते. म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या वाटेला न जाता फोल्डरवर उजवं क्लिक करून साधं ‘शेअर’ बटण वापर, ‘घर’ खातं निवड. ते दोन्ही पानं एकदम जुळवून देतं.

आणि आता मोठी बहीण म्हणून सांगते, ते नीट ऐक. अख्खी डी ड्राइव्ह शेअर करू नकोस, ‘डॉक्युमेंट्स’ही नको. एक कोरा फोल्डर काढ आणि जे घरात सगळ्यांनी बघायला हरकत नाही तेवढंच त्यात टाक: लग्नाचे फोटो, सोसायटीची बिलं, गॅसच्या पावत्या. तुझी पगाराची स्लिप, आईला पाठवलेल्या पैशांचा हिशेब, मेडिकल रिपोर्ट, हे तुझं तुझ्याकडे. तुझ्या सासरची माणसं चांगली आहेत, मला माहीत आहे. तरी फोटो शोधता शोधता कुणीतरी काहीतरी उघडतं, आणि मग जेवताना सहज म्हणून एखादा प्रश्न येतो. तो येऊच नये.

दुसरं, नेटवर्कवरून पुसलेली फाइल तुझ्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली की गेलीच. भाच्याने खेळता खेळता तुझ्या लॅपटॉपवरून अप्पांचा यात्रेच्या फोटोंचा फोल्डर उडवला तर तो अप्पांच्या कॉम्प्युटरवरही कचऱ्यात सापडणार नाही. म्हणून फोटोंच्या फोल्डरला ‘फक्त वाचा’ एवढीच परवानगी ठेव, आणि एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून कपाटात.

मॅकचं फार अवघड नाही. २०१३ पासून अ‍ॅपलनेही एसएमबीच मुख्य धरलंय, त्यामुळे विंडोजशी त्याचं जमतं. फक्त मॅकवरचा फोल्डर विंडोजवरून बघायचा असेल तर शेअरिंगमध्ये फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या खात्यावर टिक करून पासवर्ड द्यावा लागतो. ती टिक सगळे विसरतात. आणि अप्पांच्या फोल्डरमध्ये ठिपक्याने सुरू होणाऱ्या बारक्या फाइली दिसायला लागल्या तर व्हायरस म्हणून घाबरू नका, मॅक जिथे जातं तिथे त्या टाकून येतं. उबुंटूवर फोल्डर शेअर करणारा तो सांबा, अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास सुरू केलेला. त्याचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डापेक्षा वेगळा ठेवलेला असतो. दिराला म्हणावं, ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांड वजा ए लावून चालव. तो ‘मी योग्यच पासवर्ड टाकतोय’ म्हणून तावातावाने सांगेल, पण सांबाला तो कुणी दिलेलाच नसेल.

फाइल पोचली, उघडली, आणि आत ‘ßÖê¾ÖÖ’ असला रशियन-जर्मन मजकूर दिसला, तर शेअरिंगकडे बोट दाखवू नकोस. अप्पा वर्षानुवर्षं श्रीलिपीत टाइप करत आलेत. जुन्या पद्धतीच्या त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात, आणि तुझ्या नवऱ्याच्या मॅकवर तो फॉन्टच नाही. अप्पांना फाइल पीडीएफ करून फोल्डरात टाकायला शिकव. प्रिंटलाही तेच बरं.

राहता राहिला प्रिंटर. तो एचपी लेझरजेट १०२० आहे ना? दणकट मशिन, आपल्याकडे अजून कितीतरी टेबलांवर आहे. पण त्याला ना वायफाय, ना नेटवर्कचं भोक, फक्त यूएसबी. आणि पान तयार करायचं काम तो कॉम्प्युटरकडून करून घेतो. इतकंच काय, बंद करून चालू केला की त्याची स्वतःची बुद्धीसुद्धा ड्रायव्हरने दर वेळी केबलमधून भरावी लागते. म्हणून अप्पांच्या विंडोजवरून तो नुसता शेअर केल्याने मॅकला फायदा नाही. पान बनवायला मॅकवर त्याचा ड्रायव्हर लागणार, आणि नव्या मॅकवर तो मिळवताना तुझा नवरा रविवार घालवेल. विंडोजवरून विंडोजला देतानाही २०२१ च्या सुरक्षा अपडेट्सनंतर शेवटी ११बी असलेला एरर बऱ्याच जणांना आला. रजिस्ट्रीत शून्य टाका म्हणतात, ते संरक्षण काढून टाकणं आहे. दोन्हीकडची अपडेट्स पूर्ण कर.

पण माझं ऐकशील तर प्रिंटर अप्पांच्या कॉम्प्युटरवरून काढून दिराच्या जुन्या उबुंटू लॅपटॉपला जोड, नाहीतरी तो नवीन घेतोच आहे म्हणालीस. एचपीचं ‘एचपीलिप’ आणि त्याचं प्लगइन टाकलं की उबुंटू या प्रिंटरशी बोलतो. तिथे छपाई बघणाऱ्या प्रणालीचं नाव ‘कप्स’. मॅकच्या आतही तेच आहे, अ‍ॅपलने ते २००७ मध्ये विकत घेतलं, म्हणून दोघांचं पटतं. प्रिंटर ‘शेअर’ केला की मॅकला तो आपोआप दिसतो, बरेचदा आयफोनलाही, आणि विंडोजला पत्ता हाताने दिला की झालं. त्यातला पोर्ट ६३१. पान बनवायचं काम उबुंटू करतो, बाकीच्यांना खास ड्रायव्हर लागत नाही. मात्र राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवा. पत्ता बदलला की सगळ्यांचा प्रिंटर एका रात्रीत ‘ऑफलाइन’. आणि पुढेमागे नवा घ्याल तेव्हा वायफायचा, एअरप्रिंटवाला घ्या. मग मध्ये कुणाचा कॉम्प्युटर चालू ठेवायला नको.

नवऱ्याचं मॅकबुक कंपनीचं असेल, व्हीपीएन चालू असताना प्रिंटर गायब होत असेल, तर तिथे काही दुरुस्त करू नकोस. ते त्याच्या ऑफिसने मुद्दाम केलेलं असतं. त्याने व्हीपीएन बंद करून प्रिंट काढावी, नाहीतर ऑफिसला विचारावं.

आणि दिराला बजावून सांग, त्या उबुंटू लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपायला नको, तशी सेटिंग आत्ताच बदलून ठेव. नाहीतर तो रात्री सवयीने झाकण लावेल आणि सकाळी अप्पांची प्रिंट अडली की हाक तुलाच येईल.